वळचणीचे पोळे : घराची बाजू आणि शेताची बाजू

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तरेकडील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी आणि नेवासा या कालव्यांच्या पाण्यावर बागायती झालेल्या तालुक्यांत असंख्य शेतकरी कुटुंबे गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहतात, आणि तेथे घराच्या भिंतीपासून ऊस, मका किंवा डाळिंबाचे पीक काही पावलांवर सुरू होते. घर आणि शेत यांच्यातली हद्द अशी पुसट झाली की शेतातले कीटक घरापर्यंत येणे ओघानेच आले. त्यातही पत्र्याच्या शेडचे लोखंडी अँगल, खिडक्यांवरचे छज्जे, जुन्या माळवदाच्या घरांतल्या तुळया आणि दगडी भिंतींच्या सांदी या जागा गांधीलमाशीला विशेष मानवतात. अशा पोळ्याचे काय करावे, या प्रश्नावर दोन भूमिका समोरासमोर येतात. घर चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पोळे हा दारातला धोका असतो, तर कीटकांचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने तोच पिकाचा आधार असतो. पुढील संवादातली गृहिणी आणि कृषी-कीटकशास्त्राचे अध्यापक ही दोन्ही पात्रे प्रातिनिधिक असून दोन्ही भूमिका आपापल्या पूर्ण बळाने मांडल्या जाव्यात, एवढाच त्यांच्या योजनेचा हेतू आहे.

गृहिणी : सर, पोळे दिसले की त्याच संध्याकाळी पेटता बोळा लावून ते मोकळे करायचे, ही वस्तीवरची जुनी रीत आहे आणि तिच्यात काही चूक दिसत नाही. मोरीपाशी लहान मुले हातपाय धुतात, सासूबाईंना नीट दिसत नाही, गोठ्यात धार काढताना मान वर करायला सवड नसते, आणि दवाखाना गाठायचा तर आधी गाडी शोधावी लागते. अशा घरात डोक्यावर नांगीवाल्या माशांचे बिऱ्हाड ठेवायचे, ते कशासाठी?

अध्यापक : मावशी, काळजी रास्त आहे, परंतु पेटता बोळा हातात घेण्याआधी वळचणीला नक्की कोण राहते आहे हे ठरवावे लागते, कारण एकाच भीतीपोटी चार वेगवेगळ्या कीटकांना एकच शिक्षा होते. पहिली कुंभारीण, जी एकटी राहते आणि मातीचे घर बांधते. दुसरी नेहमीची गांधीलमाशी, जिचे पोळे करड्या कागदासारखे, उघडे आणि एका बारीक देठाला लोंबणारे असते. तिसरी मोठी, तपकिरी अंगाची व पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली गांधीलमाशी, जी भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीतल्या बिळात घर करते. चौथे आग्या मोहोळ, म्हणजे उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा कड्याला लटकणारे मोठ्या मधमाश्यांचे एकेरी पोळे. त्या मधमाश्या असल्या तरी जिल्ह्यातल्या गडांवर आणि देवस्थानांच्या डोंगरांवर खरी भीती त्यांचीच असते. या चौघांचा स्वभाव, विष आणि घराशी असलेले नाते एकसारखे नाही.

गृहिणी : डंख चौघांनाही आहे, मग एवढा फरक करून घरच्या माणसाच्या पदरात काय पडते?

अध्यापक : बरेच काही पडते. नांगी हा मुळात मादीचा अंडी घालण्याचा अवयव असून उत्क्रांतीत त्याचे रूपांतर विष टोचण्याच्या साधनात झाले, त्यामुळे नराला नांगी नसते आणि डंख करते ती मादीच. पण मादी ते साधन कशासाठी वापरते, हे तिच्या राहणीवर अवलंबून असते. कुंभारीण एकटी असते, तिच्या घराला पहारा नसतो, आणि ती विष वापरते ते शिकार लुळी करण्यासाठी. मोरीच्या कडेला किंवा गोठ्याजवळच्या ओलाव्यावर उतरून ती जबड्यात मातीची गोळी धरते, भिंतीशी येऊन पंखांचे स्नायू थरथरवत ती गोळी पसरवते, आणि त्या वेळी येणारा बारीक गुणगुणाट जवळ उभे राहिल्यास स्पष्ट ऐकू येतो. मातीची एक खोली पुरी झाली की तिच्यात ती लुळे केलेले कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. तिच्याच नात्यातली दुसरी जात अगदी छोट्या मडक्याच्या आकाराचे, काठ बाहेर वळलेले घर करते. ती आधी आत छताला एका तंतूने अंडे टांगते आणि मग कोळ्यांऐवजी अळ्या भरते. हाताने दाबली गेली नाही तर यांपैकी कोणतीही सहसा माणसाच्या वाटेला जात नाही.

गृहिणी : कुंभारणीचे घर पाडू नये, असे घरातली जुनी माणसे सांगत. ती अळी आणून कोंडते, तिला सारखी टोचते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते, असे कीर्तनात ऐकलेले आहे.

अध्यापक : त्या समजुतीला मोठी परंपरा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये या कीटकाचा समावेश आहे, आणि शेवगाव-नेवाशाच्या सीमेपलीकडे गोदाकाठी असलेल्या पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावर विस्तृत टीका लिहून तो दृष्टान्त मराठी माणसाच्या घराघरांत पोचवला. ज्याचे अखंड चिंतन करावे तसे आपण होतो, हा त्यातला आध्यात्मिक आशय स्वतंत्रपणे उभा आहे, त्याला कीटकशास्त्राचा आधार लागत नाही. प्रत्यक्षात घडते ते असे, की कोंडलेली अळी मेलेली नसते, विषाने लुळी झालेली असते, म्हणून ती सडत नाही. अंड्यातून बाहेर आलेली कुंभारणीची अळी ही ताजी शिदोरी खाऊन वाढते आणि मातीला भोक पाडून नवी कुंभारीण बाहेर पडते. जुन्या माणसांनी अळी आत जाताना आणि कुंभारीण बाहेर येताना पाहिली, आणि ही दोन्ही निरीक्षणे अचूक होती. त्यांच्या मनाईचे व्यावहारिक फळही चांगलेच होते, कारण मातीचे ते घर निरुपद्रवी असते. कुलपाचे भोक, बंद पडलेली नळी किंवा विजेच्या बोर्डाची खाच तिने लिंपली तरच ते काढावे. एरवी त्या मातीला भोक पडलेले दिसले की आतला जीव निघून गेला असे समजून घर खरवडून टाकावे.

गृहिणी : कुंभारणीला अभय दिले, एवढे मान्य. पण दाराच्या चौकटीवर देठाला लोंबणाऱ्या पोळ्याचे काय? त्यावर वीस-पंचवीस माशा पंख उभारून बसलेल्या असतात, आणि कडी जोरात आपटली तरी सगळ्या एकदम तोंड फिरवतात.

अध्यापक : तिची बाजू मांडण्यासाठी शेतात उतरावे लागेल. दाराच्या जुन्या, उन्हाने करड्या पडलेल्या लाकडावर ती जबड्याने ओरखडे काढते, त्या तंतूंचा लाळेत लगदा करते आणि त्याच लगद्याच्या पातळ भिंती उभारून षट्कोनी घरे बांधते. प्रत्येक घरात एक अळी वाढते, आणि ती अळी मांसाहारी असते. म्हणून कामकरी माद्या दिवसभर पिकावर फिरून पाने खाणाऱ्या अळ्या शोधतात, तिथेच त्यांचा चावून गोळा करतात आणि पोळ्यात आणून भरवतात. असा दुसऱ्या जीवांची शिकार करून जगणारा कीटक परभक्षी म्हणवतो, आणि पिकाच्या दृष्टीने तो न सांगता राबणारा गडी असतो. याच गणातल्या, पण मिलिमीटरभरही नसलेल्या ट्रायकोग्रामा नावाच्या कीटकाची कार्डे ऊस उत्पादक विकत आणतात. तो परोपजीवी आहे, म्हणजे दुसऱ्या जीवाच्या अंगावर किंवा अंड्यात आपली पिल्ले वाढवणारा. खोडकिड्याच्या अंड्यात तो आपले अंडे घालतो आणि अळी जन्मण्याआधीच कीड संपवतो. राहुरीला मुख्यालय असलेल्या आणि १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्था जैविक कीडनियंत्रणाचा जो आग्रह धरतात, त्याचा अर्थ हाच की शिकारी कीटक जगवले तर फवारण्या कमी होतात. एका नातेवाइकाला पैसे मोजून शेतात आणायचे आणि दुसऱ्याला फुकट आलेला असताना जाळायचे, यात शेताचे हित नाही.

गृहिणी : विकत आणलेला तो कीटक कोणाला चावत नाही, सर, हे तुमच्या हिशोबात आले पाहिजे. शिवाय गांधीलमाशीचा उपयोग किती, तेही स्पष्ट व्हावे. उसाच्या पोटात शिरलेला खोडकिडा तिला दिसतो का? मक्याच्या पोंग्यात दडलेली लष्करी अळी तिला सापडते का?

अध्यापक : खोडाच्या आतल्या किड्यापर्यंत ती पोचत नाही, आणि २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळून त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरलेली मक्यावरची लष्करी अळी एकदा पोंग्यात खोल गेली की तिच्यावरही गांधीलमाशीचा जोर फारसा चालत नाही. पानांवर उघड्यावर वावरणाऱ्या अळ्या हीच तिची मुख्य शिकार. तिच्या भरवशावर पीक सोडता येत नाही, ती इतर उपायांना जोड देते, एवढाच दावा प्रामाणिकपणे करता येतो.

गृहिणी : मग दुसरी गोष्ट. गुऱ्हाळावर, रसवंतीवर आणि पिकलेल्या फळांवर याच माशा घोंगावतात, आणि भिंतीच्या पोकळीत राहणारी ती मोठी जात मधपेट्यांच्या दारात बसून मधमाश्या उचलून नेते. डाळिंबाला आणि कांद्याच्या बियाण्याला मधमाशी लागते, हे तर शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पिकाचा मित्र म्हणायचे, तर मित्राच्या शत्रूलाही तेच नाव कसे द्यायचे?

अध्यापक : दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. प्रौढ गांधीलमाशीची कंबर इतकी बारीक असते की घट्ट अन्न तिच्यातून पुढे सरकत नाही, म्हणून ती स्वतः गोड द्रवांवर जगते. अळ्यांना मांस भरवताना त्याही तिला लाळेचा गोड थेंब परत देतात, आणि तेवढ्याने भागले नाही की ती मधुरस, फळे आणि उसाचा रस शोधते. मोठी जात मधमाश्यांची शत्रू आहे हेही निर्विवाद. म्हणून कोणत्याही कीटकाला मित्र किंवा शत्रू असे कायमचे नाव देणे शास्त्राला धरून नाही. तो कोणत्या जागी, कोणत्या काळात आणि कशाच्या शेजारी राहतो, यावर त्याचा हिशोब बदलतो.

गृहिणी : आता मुख्य हरकत. शेतातला फायदा सगळ्या शिवाराला वाटून मिळतो, शेजाऱ्याच्या बांधापलीकडेही जातो. पण डंख वाटून घेता येत नाही, तो एकाच लेकराच्या डोळ्याखाली बसतो. ज्याच्या अंगावर धोका येतो त्याला विचारल्याशिवाय फायद्याची बेरीज करणारे शास्त्र घरातल्या बाईला कसे पटावे?

अध्यापक : या हरकतीला उत्तर नाही, ती मान्यच करावी लागते. फायदा सार्वजनिक आणि जोखीम खासगी असेल, तर निर्णयाचा पहिला अधिकार जोखीम सोसणाऱ्याचाच असतो. घरातल्या कोणाला पूर्वी डंखानंतर अंगभर गांधी उठल्या असतील, ओठ-घसा सुजला असेल किंवा श्वास लागला असेल, तर त्या घराच्या वावरात एकही पोळे राहू नये. शास्त्राचा आग्रह तेथे संपतो आणि काढण्याची पद्धत कोणती, हा प्रश्न उरतो.

गृहिणी : पद्धत तर ठरलेली आहे. बोळा, रॉकेल आणि रात्र.

अध्यापक : त्यातली रात्र बरोबर आहे, बाकी दोन्ही घातक. वस्तीवर घराला लागून मालदांडी ज्वारीच्या कडब्याची गंज असते, शेडमध्ये पाचट आणि सरपण असते. वळचणीचा जाळ वाऱ्याने तिथवर गेला तर काही माशांच्या पायी जनावरांचा वर्षाचा चारा जातो. दुसरी चूक शेतातल्या फवाऱ्याने उरलेले औषध पोळ्यावर मारण्याची. ती विषे मोकळ्या शेतासाठी आणि ठरावीक मात्रेसाठी असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, आणि तेच औषध दाराच्या चौकटीवर, पाण्याच्या माठाशेजारी उडवणे म्हणजे डंखापेक्षा मोठे संकट घरात आणणे आहे. तिसरी चूक अर्धवट मारण्याची. भारतात घराघरांत आढळणाऱ्या तांबूस-तपकिरी गांधीलमाशीवर राघवेंद्र गदगकर यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक दशके संशोधन केले आणि ते २००१ मध्ये ग्रंथरूपानेही मांडले. या जातीची राणी शांत असते. ती नाहीशी झाली की कामकऱ्यांपैकी एक मादी एकदम आक्रमक होते आणि साधारण आठवड्याभरात स्वतः अंडी घालू लागते. म्हणजे काठीने चार माशा पाडल्या, त्यांत राणीही मेली, तरी पोळे मोडत नाही. शिवाय अनेक सामाजिक गांधीलमाशांत विषाचा वासच इतरांना सावध करतो, त्यामुळे चिरडलेली एक मादी उरलेल्यांना माणसावर आणते.

गृहिणी : मग घरातल्या माणसाने करायचे काय, ते नीट क्रमाने सांगावे.

अध्यापक : सर्वांत चांगली वेळ म्हणजे सुरुवात. नवे पोळे पुष्कळदा एकाच मादीने मांडलेले, सात-आठ घरांचे आणि नाण्याएवढे असते. त्या वेळी ती मादी बाहेर गेलेली पाहून लांब काठीने देठ तोडला आणि ती जागा खरवडून साबणाच्या पाण्याने पुसली, तर मारामारीची वेळच येत नाही. ती फिरून आली तर पुन्हा तोडावे, कंटाळून ती दुसरीकडे जाते. यासाठी आठवड्यातून एकदा छज्जे, अँगल, मीटरची पेटी, बंद पडलेली मोटारीची खोली आणि मुलांच्या सायकलीची जागा नजरेखालून घालावी. भिंतीच्या सांदी गिलाव्याने भराव्यात आणि झरोक्यांना जाळी लावावी. उन्हाळ्यात गांधीलमाशी पोळे गार ठेवण्यासाठी पाणी नेते, म्हणून गळका नळ दुरुस्त करावा आणि माठ झाकावा.

गृहिणी : आणि नजर चुकली, पोळे पंज्याएवढे झाले तर?

अध्यापक : मग तीन प्रश्न विचारावेत. त्या जागी हात पोचतो का? डोके लागते का? खालून रोजची वाट जाते का? तिन्हींचे उत्तर नाही असेल, म्हणजे पोळे बांधावरच्या झाडावर किंवा वापरात नसलेल्या उंच कोपऱ्यात असेल, तर ते तसेच राहू द्यावे. एकाचेही उत्तर हो असेल तर काढावे, पण अंधार पडून सगळ्या माद्या पोळ्यावर स्थिरावल्यावर, अंगभर जाड कपडे घालून, तोंडावर ओढणी किंवा जाळी घेऊन, आणि मुलांना व जनावरांना लांब नेऊन. विजेरीच्या काचेवर लाल कागद लावावा, कारण कीटकांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही. कपडे धुण्याच्या साबणाचे दाट पाणी लांबून जोरात मारले की ते अंगावर पसरून त्यांची श्वसनरंध्रे, म्हणजे शरीराच्या कडेची श्वास घेण्याची सूक्ष्म छिद्रे, बंद करते. मग पोळे पिशवीत घेऊन पुरावे. शिडीवर चढून हे काम कधीही करू नये, कारण डंखापेक्षा घाबरून पडल्यानेच हाडे मोडतात. भिंतीच्या पोकळीतल्या मोठ्या जातीचे तोंड बाहेरून सिमेंटने बुजवू नये, त्या आतून कुरतडत घरात उतरू शकतात. तेथे आणि आग्या मोहोळाच्या बाबतीत जाणकारालाच बोलवावे. मोहोळ तर जाळूच नये, जाणता मधपाळ ते न जाळता हाताळतो.

गृहिणी : डंख झालाच तर चुना लावतात, लोखंड घासतात. ते चालते ना?

अध्यापक : विष कातडीच्या आत गेलेले असते, त्यामुळे वरून लावलेल्या चुन्याने ते उतरत नाही, उलट कातडी पोळते, लोखंडाचा गारवा तेवढा बरा वाटतो. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने जखमेत रुतून राहते, ती लगेच खरवडून काढावी. गांधीलमाशीची नांगी रुतत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी, अंगठी-बांगडी आधी काढून ठेवावी. पण डंखापासून लांबच्या जागी सूज, अंगभर गांधी, उलटी, चक्कर, आवाज बसणे किंवा धाप यांपैकी काही दिसले, तर ती अतिसंवेदनशील प्रतिक्रिया असते, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था विषावर इतकी तुटून पडते की रक्तदाब कोसळतो. त्यावर मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे, आणि त्यासाठी वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एकाच वेळी पुष्कळ डंख झाले असतील तर माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्यावा, कारण विषाने स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण येतो आणि लघवी काळपट होते ती काही तासांनी.

गृहिणी : एवढे कळल्यावर बांधावरच्या लिंबावरचे पोळे राहू द्यायला हरकत नाही. दाराचे मात्र जाईल, आणि ते नाण्याएवढे असतानाच जाईल.

अध्यापक : शेताचेही याहून अधिक मागणे नाही.

दोन्ही बाजू येथे जुळल्या त्या कोणी नमते घेतल्यामुळे नव्हे, तर प्रश्न बदलल्यामुळे. गांधीलमाशी चांगली की वाईट, या प्रश्नावर घर आणि शेत यांची एकवाक्यता कधीच होणार नाही, कारण दोघांच्याही अनुभवाला पुरावा आहे. परंतु हे पोळे कोणाचे, ते कोठे आहे आणि किती वाढले आहे, हे विचारले की उत्तर बहुतेक वेळा वादाविना निघते. या उत्तरात दोन जबाबदाऱ्या गुंतलेल्या आहेत. शास्त्राने फायद्याची बेरीज मांडताना डंख कोणाच्या अंगावर बसणार आहे, हे आधी विचारले पाहिजे, आणि ज्या घराला निर्णयाचा अधिकार आहे त्याने तो वापरण्यापूर्वी कुंभारीण, गांधीलमाशी आणि मधमाशी यांतला भेद जाणून घेतला पाहिजे. पेटता बोळा हा बहुधा क्रौर्यातून येत नाही, तो उशिरा लक्ष गेल्यामुळे येतो. म्हणून वळचणीकडे आठवड्यातून एकदा मान वर करून पाहण्याची सवय वस्तीवरच्या घरांत रुजली, तर मुलेही सुरक्षित राहतील आणि पिकावर राबणाऱ्या शिकाऱ्यांनाही बांधावर हक्काची जागा मिळेल.